मोजल्याशिवाय मानायचे नाही : डॉ. वसंत रामजी खानोलकर

खानोलकर हे आडनाव उच्चारले की मराठी वाचकाला आधी चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच आडनावाचे एक मोठे डॉक्टरही होऊन गेले. वसंत रामजी खानोलकर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माणसाने त्यांचे नाव भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून कधी ना कधी ऐकलेले असते. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. आपल्याकडे पॅथॉलॉजी म्हटले की रक्त-लघवी तपासणारी लॅब डोळ्यांसमोर येते. या शास्त्राचे मुख्य काम मात्र आजाराने शरीराच्या पेशींमध्ये नेमके काय बदल झाले ते शोधणे, हे आहे. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, असे आपण म्हणतो. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा कॅन्सर आहे की नाही, असल्यास कोणत्या जातीचा, हे जो सांगतो तो विकृतिशास्त्रज्ञ. रुग्णाला तो बहुधा कधी दिसत नाही, पण त्याच्या कागदावरच्या दोन ओळींवर पुढचे सगळे उपचार ठरतात.

खानोलकरांना जाऊन आता जवळजवळ अर्धे शतक होत आले. तरीही आरोग्याच्या या सदरात त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायका आणि त्यांचे नातेवाईक सरकारी दवाखान्यात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. शेक घेण्याऐवजी आधी किमोची इंजेक्शने देऊन गाठ लहान करता येणार नाही का, आणि मग ऑपरेशन करून पिशवीसकट काढून टाकता येणार नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. या प्रश्नाचे जगाने मान्य केलेले एक उत्तर आपल्या मुंबईतून, टाटा हॉस्पिटलमधून आले. ते ज्या पद्धतीने शोधले गेले, त्या पद्धतीची पायाभरणी त्या रुग्णालयात खानोलकरांनी केली होती.

लंडन ते परळ

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम.डी. झाले. त्या काळी विलायतेहून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत उत्तम खासगी व्यवसाय करता आला असता. खानोलकरांनी शिकवण्याचा आणि प्रयोगशाळेचा रस्ता धरला. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळचे सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी ते प्राध्यापक होते.

याच काळात परळला एक नवे रुग्णालय उभे राहत होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने वारल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय बांधायचे ठरवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाची सूत्रे खानोलकरांकडे आली. आज नंदिग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून मुंबईला निघालेल्या रुग्णांची संख्या पाहता टाटा नव्हते तो काळ कसा असेल, याची कल्पना करणेही अवघड आहे. त्या वेळी भारतात कॅन्सर फारसा होतच नाही, तो पाश्चात्त्यांचा आजार आहे, असा समज बऱ्याच जाणकारांचाही होता.

ओळीने आलेले एक हजार रुग्ण

हा समज खोडून काढायला भाषणे उपयोगाची नव्हती. खानोलकरांनी मोजायला सुरुवात केली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतील कॅन्सर संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात एक हजार या आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की हे रुग्ण ओळीने आलेले होते.

ओळीने म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. एखाद्या डॉक्टरला त्याचे लक्षात राहिलेले रुग्ण विचारले तर तो बरे झालेले सांगेल, किंवा फार विचित्र आजार असलेले सांगेल. मधले साधे, कंटाळवाणे, अर्ध्यावर उपचार सोडून गेलेले रुग्ण स्मरणातून गळून जातात. त्यामुळे अनुभवी माणसाचा अंदाजही चुकू शकतो. दारात आलेला प्रत्येक रुग्ण, निवड न करता, वहीत उतरवला की ही गळती थांबते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. सोयाबीनचा उतारा किती हे शेताच्या कडेचे चांगले झाड पाहून ठरत नाही, सगळे रान काढून वजन केल्यावरच कळते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सूर्याबाई या सहकाऱ्यांसह खानोलकरांनी भारतातील तीन नव्या प्रकारच्या कॅन्सरचे वर्णन केले. हे तिन्ही माणसांच्या सवयींशी जोडलेले होते. आंध्रच्या किनारपट्टीत चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत होती. तेथे टाळूचा कॅन्सर दिसे. चुना लावलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच कॅन्सर होई. तिसरा प्रकार आपल्या घरातला. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट कसल्याने कातडी घासली जाते, घाम मुरतो, डाग पडतो, जखम होते आणि क्वचित कोणाला तेथे कॅन्सर होतो. धोतीचा कॅन्सर हे नाव तेव्हापासून जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत गेले. पुढे परकराच्या नाडीमुळे साडी नेसणाऱ्या बायकांनाही तसाच कॅन्सर झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली.

धोतर किंवा विडी यांच्याकडे आजाराचे कारण म्हणून पाहायला त्या काळी वेगळी नजर लागत होती. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारा हा डॉक्टर तिथेच थांबला नाही. हा तुकडा ज्या माणसाचा आहे तो काय खातो, काय ओढतो, कसा राहतो, हेही तो विचारत होता.

एकाच शहरातल्या वेगवेगळ्या बायका

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरकडे खानोलकर असेच वळले. मुंबई हे त्यासाठी योग्य शहर होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिश्चन अशा अनेक समाजांच्या बायका एकाच शहरात राहत होत्या, एकाच रुग्णालयात येत होत्या, पण लग्नाचे वय, बाळंतपणे, खाणेपिणे आणि चालीरीती वेगवेगळ्या होत्या. नोंदी मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ठळकपणे अधिक होता, तर पारशी बायकांत तो कमी आणि स्तनाचा कॅन्सर जास्त होता. म्हणजे कॅन्सर सगळीकडे सारखा नाही आणि तो केवळ नशिबाचाही भाग नाही. राहणीतले काहीतरी त्याला कारण आहे, आणि कारण असेल तर ते टाळताही येईल.

ते काहीतरी म्हणजे काय, हे खानोलकरांच्या हयातीत पक्के सांगता आले नाही. लवकर लग्न, अनेक बाळंतपणे, गरिबी, स्वच्छतेच्या सोयींचा अभाव यांकडे बोट दाखवले जात होते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा या कॅन्सरच्या मुळाशी आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. धर्म किंवा जात हे कारण नव्हते. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूला वाट मिळणे आणि शरीरात ठाण मांडायला वेळ मिळणे, हे खरे कारण होते. पण फरक आहे, हेच आधी कोणी मोजून दाखवले नसते तर कारण शोधायची गरजही कोणाला वाटली नसती.

रुग्णालयातील नोंदींना एक मर्यादा असते. रुग्णालयात पोचतो त्याचीच नोंद होते. गावात राहून गेलेल्याची होत नाही. म्हणून संपूर्ण लोकवस्तीतील कॅन्सर मोजणारी नोंदणी लागते. भारतातील अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या बाईचा कॅन्सर मोजला जाऊ लागला तो तेव्हापासून, आणि तोही आपल्या शेजारी.

प्रयोगशाळा आणि शिष्य

१९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. येथे रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेली तरुण मंडळी त्यांनी जमवली. कॅन्सर हा एकट्या डॉक्टरांचा विषय नाही, हे त्यांनी त्या वेळी ओळखले होते. संघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंध तपासला. तो अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आता केवळ रुग्ण मोजून ते थांबले नव्हते. कॅन्सर नसलेल्या माणसांशी त्यांची तुलना केली होती. तंबाखू खाणारे दहा रुग्ण दाखवून काही सिद्ध होत नाही. कॅन्सर न झालेल्यांत तंबाखू खाणारे किती, हेही पाहावे लागते.

कमल रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी बाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. गाय यांच्या याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या होत्या. हेला या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ती बाई मात्र त्याच वर्षी गेली. पोलिओच्या लशीपासून कॅन्सरच्या औषधांपर्यंत कितीतरी संशोधन त्या पेशींवर झाले.

खानोलकरांचे काम कॅन्सरपुरते नव्हते. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंच्या आधाराने शरीरात कसे पसरतात, यावर त्यांनी मूलभूत अभ्यास केला. मुंबईतील वेगवेगळ्या जातिसमूहांतील रक्तगटांचाही अभ्यास केला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय प्राध्यापक हे सन्मान त्यांना मिळाले. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आज जी किमो दिली जाते तिचा कणा हेच औषध आहे. म्हणजे आपल्या मूळ प्रश्नातली किमो खानोलकरांनी पाहिलीच नाही. पण तो प्रश्न कसा सोडवायचा, हे त्यांच्या संस्थेला ठाऊक होते.

आधी किमो, मग ऑपरेशन?

गर्भाशयमुखाची गाठ लहान असेल तर ऑपरेशन हा उत्तम उपचार आहे. हे ऑपरेशन म्हणजे नेहमीचे पिशवी काढणे नव्हे. त्यात गर्भाशयाच्या आजूबाजूच्या ऊती, योनीचा वरचा भाग आणि लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. गाठ चार सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा शेजारच्या ऊतींत शिरू लागली असेल, तर शेक म्हणजे किरणोपचार हा मुख्य उपचार ठरतो. आपल्याकडे बहुसंख्य बायका याच टप्प्यावर किंवा त्याच्याही पुढे येतात, कारण पांढरे जाणे आणि मध्येच अंगावरून जाणे यांकडे घरात कोणी लक्ष देत नाही, आणि बाई स्वतः सांगत नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेतून एकामागून एक अभ्यासांचे निष्कर्ष आले. शेक चालू असतानाच आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन दिले तर नुसत्या शेकापेक्षा जास्त बायका जगतात, असे त्यांत दिसले. तेव्हापासून शेक आणि किमो एकत्र ही प्रमाण पद्धत झाली.

दुसरीकडे आणखी एक विचार जोर धरत होता. आधी किमो देऊन गाठ आकसवायची आणि मग ती ऑपरेशनने काढायची. ऐकायला हे पटते. गाठ हाताला लहान लागते, सर्जनला काढायला सोपी जाते, रुग्णाला आजार बाहेर काढून टाकल्याचे समाधान मिळते, शेकाचे दुष्परिणाम टळतात. शेकाची यंत्रे कमी आणि रांगा मोठ्या असलेल्या देशांत तर हा मार्ग फारच आकर्षक होता. २००३ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आधी किमो मग ऑपरेशन हे नुसत्या शेकापेक्षा बरे, असेही दिसले. पण तोपर्यंत नुसता शेक हा उत्तम उपचार राहिला नव्हता. कालच्या उपचाराशी केलेल्या तुलनेवरून आजचा निर्णय घेता येत नाही.

म्हणून टाटा हॉस्पिटलने सप्टेंबर २००३ मध्ये थेट तुलना सुरू केली. ज्या बायकांचा कॅन्सर मधल्या टप्प्यात होता, म्हणजे गाठ मोठी होती किंवा आजूबाजूला पसरू लागली होती पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेली नव्हती, अशांना त्यांच्या संमतीने दोन गटांत विभागले. कोण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरने किंवा रुग्णाने ठरवायचे नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने ठरायचे. डॉक्टरने ठरवले असते तर धडधाकट बायका नकळत ऑपरेशनकडे आणि थकलेल्या बायका शेकाकडे गेल्या असत्या, आणि मग ऑपरेशनच चांगले असे दिसले असते. एका गटाला पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन यांचे तीन आठवड्यांच्या अंतराने तीन डोस देऊन मग मोठे ऑपरेशन केले. दुसऱ्या गटाला शेकाबरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिले. २०१५ पर्यंत ६३५ बायका या अभ्यासात आल्या. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

शंभर बायकांच्या हिशेबाने सांगतो. पाच वर्षांनंतर कॅन्सर परत न आलेल्या बायका किमो-ऑपरेशनच्या गटात सुमारे ६९ होत्या आणि शेक-किमोच्या गटात सुमारे ७७. म्हणजे शंभरात सात-आठ बायकांचा फरक, आणि तो शेकाच्या बाजूने. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, शंभरात ७५ च्या आसपास होते. ज्या मार्गाने गाठ आकसते, ऑपरेशन होते, सगळे नीट झाल्यासारखे वाटते, त्या मार्गाने आजार परत येण्याचे प्रमाण अधिक निघाले. शिवाय ऑपरेशन झालेल्यांपैकी काहींना पुढे शेक घ्यावाच लागला. अशा बाईला किमो, ऑपरेशन आणि शेक या तिन्हींचा त्रास सोसावा लागतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शेक घेतलेल्या गटात दोन वर्षांनंतर योनीमार्ग आखडणे, कोरडा पडणे असे त्रास शंभरात सुमारे २६ जणींना होते, ऑपरेशनच्या गटात १२ जणींना. हा त्रास संसारातला आहे आणि बायका तो बोलून दाखवत नाहीत. शेक संपल्यावर डॉक्टरांना किंवा सिस्टरांना हे निःसंकोच विचारावे. त्यावर उपाय असतात.

युरोपात याच प्रश्नावर झालेल्या मोठ्या अभ्यासातही किमो-ऑपरेशनने जास्त बायका जगल्या असे दिसले नाही. पण आधी किमो ही कल्पना सर्वस्वी चुकीची होती, असेही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह पाच देशांतील ५०० बायका होत्या. त्यात सहा आठवडे दर आठवड्याला किमो देऊन लगेच शेक-किमो सुरू केली. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. म्हणजे आधीच्या किमोचा उपयोग झाला, पण तिच्यामागून ऑपरेशन न येता शेक आला तेव्हा. हे बसून विचार करून कळण्यासारखे नव्हते. मोजले तेव्हाच कळले.

परभणीच्या बाईने काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट तुकडा तपासणीची. पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून चाळिशीतली पिशवी काढून टाकण्याची घाई आपल्या मराठवाड्यात फार होते. तोंडावर संशयास्पद जखम किंवा गाठ असेल तर तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढू देऊ नये. कॅन्सर असताना नेहमीच्या पद्धतीने पिशवी काढली तर आजार आत राहतो आणि नंतरचे उपचार अवघड होतात.

दुसरी गोष्ट टप्प्याची. कितवा टप्पा आहे, हे डॉक्टरांना विचारा. लहान गाठीला ऑपरेशन, मोठ्या गाठीला शेक-किमो, हा ढोबळ नियम आहे. मोठ्या गाठीला कोणी आधी किमो मग ऑपरेशन सुचवले, तर शेक का नको, एवढे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. जिथे शेकाची सोयच नाही अशा देशांसाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे हा मार्ग पर्याय म्हणून मान्य करतात. काही वेळा, उदाहरणार्थ गरोदरपणात, त्याला वेगळे कारणही असू शकते. पण शेकाचे यंत्र आपल्या तालुक्यात नाही, हे कारण पुरेसे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि बार्शीला ही सोय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, किमो आणि शेक तिन्ही येतात.

तिसरी गोष्ट शेक पुरा करण्याची. बाहेरून शेक साधारण पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस असतो. त्यानंतर आतून शेक देतात, त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. सगळे मिळून आठ आठवड्यांत संपायला हवे. रक्तस्राव थांबला, बरे वाटले, खुरपणी आली, म्हणून बाया आतला शेक न घेताच गावी परततात. बरे होण्याची शक्यता यानेच सर्वांत जास्त घटते. तिथे राहण्याची सोय, सोबतीला कोण, घरी लेकरांना कोण पाहील, हे उपचार सुरू होण्याआधी ठरवा. सासर-माहेर दोघांनी मिळून दोन महिने निभावले तर पुढची कित्येक वर्षे हाती लागतात.

चौथी गोष्ट, हे सगळे टाळण्याची. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि वेळेवर उपचाराने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांना आधार देणारा हा पुरावा मराठवाड्याच्या खेड्यांतून गेला आहे. तिशी ओलांडलेल्या बाईने काही त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्यात तयार झालेली भारतीय लसही आता मिळते.

टाटाच्या संशोधन केंद्राचा पसारा पुढे नवी मुंबईत खारघरला गेला. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे. नाव समर्पक आहे. पण त्यांच्या पद्धतीला खरा अर्थ दिला तो वहीत नोंद झालेल्या माणसांनी. त्या अभ्यासातल्या सहाशेहून अधिक बायका उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे तपासणीला परत येत राहिल्या, कोणी रेल्वेने, कोणी एसटीने. त्या आल्या नसत्या तर कोणता उपचार टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे कोणालाच कळले नसते. उपचार संपलेल्या प्रत्येक बाईला म्हणूनच सांगणे आहे. फाईल जपून ठेवा आणि बरे वाटत असले तरी दिलेल्या तारखेला या. पहिली दोन-तीन वर्षे आजार परत येण्याचा धोका जास्त असतो, आणि तो वेळीच सापडला तर अजूनही काही करता येते.